जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी दहा इंची विद्युत ब्रेकचा तयार संच : एक परीक्षण

गाडीमागे जोडून ओढायचा, आत राहण्याची सोय असलेला ट्रॅव्हल ट्रेलर जितका जुना, तितकी त्याच्या मालकाची नजर पत्र्यावर, खिडक्यांच्या रबरावर आणि आतल्या लाकूडकामावर खिळलेली असते. माझेही तसेच झाले. १९६६ सालच्या माझ्या एका अ‍ॅक्सलच्या (चाकांच्या एकाच जोडीच्या) ट्रेलरचे छत गळायचे थांबेपर्यंत आणि आतली कपाटे पुन्हा उभी राहीपर्यंत चाकांच्या आत काय चालले आहे, याकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते. पाहिले तेव्हा डाव्या चाकाचे ब्रेक गंजून एकजीव झालेले होते आणि उजव्या चाकाचे लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे अस्तर, ग्रीसने भिजून काळे पडले होते. म्हणजे आणला त्या दिवशी हा ट्रेलर मी ब्रेकविनाच ओढून आणला होता, हे मला तीन वर्षांनी कळले. त्यानंतर जो तयार ब्रेक संच मी बसवला आणि ज्याच्यावर आता सुमारे नऊशे किलोमीटर प्रवास झाला आहे, त्याचे हे परीक्षण आहे. संच चांगला आहे आणि पुन्हा वेळ आली तर मी तोच घेईन; मात्र खोक्यातून जे येते ते अर्धेच ब्रेक असतात, आणि उरलेले अर्धे ट्रेलरमध्येच, बहुधा वाईट अवस्थेत, आपली वाट पाहत असतात.

आधी खोक्यात काय असते ते सांगतो. दोन बॅकिंग प्लेट, म्हणजे ब्रेकचे सगळे भाग धरणाऱ्या गोल तबकड्या, येतात, एक डाव्या बाजूची आणि एक उजव्या बाजूची, आणि प्रत्येक प्लेटवर दोन शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर आतून दाबले जाणारे, लायनर लावलेले अर्धगोल तुकडे), त्यांच्या स्प्रिंगा, खालचा चांदणीच्या आकाराच्या चाकाचा अ‍ॅडजस्टर, चुंबक धरणारी लिव्हर आणि खुद्द चुंबक हे सारे कारखान्यातच जुळवून बसवलेले असते. चुंबकाच्या दोन वायरी प्लेटच्या पाठीमागून बाहेर काढलेल्या असतात. ड्रम, बेअरिंग आणि ऑइल सील यांचा या संचात समावेश नाही, ते वेगळे घ्यावे लागतात. मी घेतलेला संच १० × २.२५ इंचांचा, म्हणजे २५४ मिलिमीटर व्यासाचा आणि ५७ मिलिमीटर रुंदीच्या शूचा आहे. हे माप साधारणपणे ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो क्षमतेच्या अ‍ॅक्सलसाठी वापरले जाते आणि त्याची प्लेट चार बोल्टांनी फ्लँजवर, म्हणजे चाकामागच्या सपाट भोकांच्या पट्टीवर, बसते. ५,२०० ते ७,००० पौंडांच्या अ‍ॅक्सलवर १२ × २ इंचांचे ब्रेक येतात आणि त्यांना पाच बोल्ट असतात. फ्लँजवरची भोके मोजली की आपल्याला कोणता संच लागणार याचा निम्मा उलगडा होतो.

या ब्रेकचे कार्य समजल्याशिवाय पुढचे गुणदोष कळणार नाहीत, म्हणून थोडे त्याविषयी. विद्युत ब्रेकमध्ये वीज शूंना ढकलत नाही. वीज फक्त चुंबकाला जागे करते. जागा झालेला चुंबक ड्रमच्या आतल्या सपाट, गोल पृष्ठभागाला, ज्याला आर्मेचर म्हणतात त्याला, चिकटू पाहतो; ड्रम फिरत असल्याने तो त्याच्याबरोबर ओढला जातो आणि ज्या लिव्हरच्या टोकाला तो बसवलेला असतो ती लिव्हर तिरपी होऊन शू फाकवते. पुढचा शू ड्रमला टेकताच तोही ड्रमबरोबर थोडा सरकतो आणि तळाच्या अ‍ॅडजस्टरमधून मागच्या शूला रेटतो, त्यामुळे खरे काम बहुतांशी मागचा शू करतो आणि म्हणूनच त्याचा लायनर पुढच्यापेक्षा लांब असतो. ब्रेक लावायची बहुतेक शक्ती अशा रीतीने फिरत्या चाकाकडूनच उसनी घेतलेली असते. ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत ती १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून ट्रेलरवर वापरात आहे आणि तिचा मूळ आराखडा इतका थोडा बदलला आहे, की साठ वर्षांपूर्वीच्या अ‍ॅक्सलवर आजचा संच बसू शकतो. जुन्या ट्रेलरच्या मालकांच्या नशिबी असे भाग्य क्वचितच येते.

तयार संच घ्यावा की फक्त शू आणि चुंबक बदलावेत, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, कारण सुटे भाग स्वस्त पडतात आणि जुनी वस्तू शक्य तितकी मूळ ठेवण्याचा मोहही असतो. मीही आधी सुटे भागच घ्यायचे ठरवले होते. पण जुनी प्लेट तारेच्या ब्रशने साफ केल्यावर तीन गोष्टी दिसल्या. शू ज्या उंचवट्यांवर टेकून सरकतात तेथे खोल खाचा पडल्या होत्या, म्हणजे नवा शू त्या खाचांत अडकून तिरका बसला असता. लिव्हरच्या खुंटीला इतका खेळ आला होता की ती हाताने डुगडुगत होती, आणि जुना चुंबक एकाच कडेला का झिजला होता ते त्यावरून उमगले. आणि स्प्रिंगांपैकी एक मूळ जागी होती, तिच्या जोडीची मात्र कुणीतरी दुसऱ्याच गाडीची बसवलेली होती. अशा लिव्हरवर नवा चुंबक चढवला तर तोही महिन्याभरात तसाच एका बाजूने खाल्ला जाणार, हे उघड होते. संपूर्ण संचात हे सगळे दोष एकाच वेळी निकालात निघतात, आणि काम चार नट व दोन वायरी एवढ्यावर येते. जोरदार ताणलेल्या स्प्रिंगा पकडीने ओढून बसवण्याच्या खटाटोपात बोटे सोलून घ्यायची वेळही येत नाही.

घोडे पेंड खाते ते ड्रमपाशी. नव्या ब्रेकबरोबर जुना ड्रम चालवावा असे मला वाटत होते, कारण तो वरवर पाहता ठीक होता. प्रत्यक्ष मोजल्यावर दहा इंचांच्या या ड्रमचा आतला व्यास १०.११ इंच भरला. अशा ड्रमसाठी खरडून काढण्याची कमाल मर्यादा सामान्यतः १०.०९ इंच असते. माझा ड्रम ती केव्हाच ओलांडून गेला होता. ड्रम मापात असता तरी आर्मेचरचा पृष्ठभाग पाहणे आवश्यकच होते, कारण त्यावर चर पडलेले असतील तर ते नव्या चुंबकाचे तोंड कानशीसारखे घासत राहतात. हे चर लेथवर काढून घेता येतात, परंतु त्याला मर्यादा आहे आणि तसे केल्यावर चुंबकही नवेच बसवायचे असतात. हा सारा हिशेब केला आणि मी हबसकट, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागासकट, नवे ड्रम घेतले. मूळ भागांविषयी हळवे असणाऱ्यांना एवढेच सांगतो, की ड्रम चाकाच्या आड असतो. तो कुणाला दिसत नाही.

नवा ड्रम घेताना चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ आणि बेअरिंगचे क्रमांक ही दोन मापे हवीत. माझ्या ट्रेलरवर साडेचार इंच व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट होते, आणि स्पिंडलवरून, म्हणजे ज्या दांड्यावर चाक फिरते त्यावरून, निघालेल्या बेअरिंगांवर आतल्या बाजूस एल ६८१४९ व बाहेरच्या बाजूस एल ४४६४९ हे क्रमांक कोरलेले स्पष्ट वाचता आले. हे दोन्ही क्रमांक आजही सर्रास मिळतात, त्यामुळे तेथे अडचण आली नाही. अडचण आली ती ऑइल सीलची. ड्रमबरोबर आलेल्या सीलचा बाहेरचा व्यास हबमध्ये बरोबर बसत होता, पण आतला व्यास माझ्या स्पिंडलपेक्षा मोठा होता, आणि ही गोष्ट सील ठोकून बसवण्याआधी लक्षात आली नसती तर ग्रीस पुन्हा एकदा लायनरवर आले असते. सील बसवण्याआधी ते नुसते स्पिंडलवर सरकवून पाहावे. त्याला मिनिटभर लागतो, आणि माझे उजवे ब्रेक मुळात ज्या कारणाने गेले होते ते कारण तेथेच संपते.

जुने ब्रेक उघडण्याविषयी एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगितली पाहिजे. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरत असत, आणि ड्रमच्या आत साठलेली करडी भुकटी ही त्याचीच असण्याचा संभव असतो. ती फुंकू नये, हवेच्या नळीने उडवू नये, कोरड्या ब्रशने झाडूही नये. पाण्याचा फवारा मारून ती ओली करावी, ओल्या कपड्याने पुसून कपडा पिशवीत बांधून टाकावा आणि तोंडावर चांगल्या प्रतीचा मास्क असावा. ट्रेलर उचलताना जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली न लावता चौकटीखाली लावावा, आधाराच्या घोड्याही चौकटीखालीच द्याव्यात, आणि एका अ‍ॅक्सलचा ट्रेलर असेल तर दोन्ही चाके उचलण्यापूर्वी तो ओढणाऱ्या गाडीला जोडलेला राहू द्यावा.

बसवणी सोपी आहे, पण डावे-उजवे चुकले तर सगळेच चुकते. संचाच्या खोक्यावर बाजू लिहिलेली होती. प्लेटवर मात्र लिहिलेली नव्हती, आणि दोन्ही प्लेट बाहेर काढून शेजारी ठेवल्यावर कोणती कोणती हे मला क्षणभर सांगता येईना. खूण अशी, की आखूड लायनरचा शू ट्रेलरच्या पुढच्या दिशेला असला पाहिजे. उलटी बसवली तरी प्लेट बोल्टांवर विनातक्रार बसते, चाक फिरते, ब्रेक लागतोही, पण अगदी मिळमिळीत लागतो आणि कारण शोधता शोधता माणूस थकून जातो. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीसाठी निर्मात्याने प्लेटवरच एक अक्षर ठोकायला हवे होते.

तक्रारींचा विषय निघालाच आहे तर त्या येथेच संपवतो. प्लेटला काळा रंग इतका सढळ हाताने मारला आहे की शू जेथे सरकतात त्या उंचवट्यांवरही त्याचा जाड थर बसला होता. तो मला पॉलिश पेपरने काढून, त्या जागी उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचे अगदी बारीक बोट फिरवावे लागले. उजव्या प्लेटचा अ‍ॅडजस्टर कोरडा होता आणि हाताने फिरत नव्हता. खोलून, साफ करून, आट्यांना ग्रीस लावल्यावर तो सुरळीत झाला, परंतु हे न पाहता प्लेट बसवली असती तर पुढे ड्रम लावल्यावर प्लेटच्या पाठीमागच्या इवल्याशा खाचेतून त्याच्याशी झुंजावे लागले असते. अ‍ॅडजस्टरच्या खाचेवर बसवायच्या रबरी टोप्यांपैकी एक खोक्यात नव्हतीच. नट आले, स्प्रिंग वॉशर आले नाहीत. यातली कोणतीही उणीव संच परत करण्याएवढी मोठी नाही. तरीही ब्रेकसारख्या वस्तूची अखेरची तपासणी कारखान्यात कुणी करते का, असा प्रश्न त्यामुळे मनात येऊन गेला.

हब चढवल्यावर स्पिंडलचा मोठा नट ड्रम फिरवत फिरवत साधारण ६८ न्यूटन मीटरपर्यंत आवळायचा, मग ड्रम न हलवता सैल करायचा, पुन्हा फक्त बोटांनी टेकवायचा आणि कॉटर पिन घालायची. जास्त आवळलेले बेअरिंग तापते, सैल सोडलेल्या बेअरिंगमुळे ड्रम डोलतो आणि चुंबक आर्मेचरवर सपाट टेकत नाही. हे बेअरिंगचे काम आहे, पण ब्रेकच्या गुणवत्तेवर त्याचा थेट परिणाम होतो.

आता वायरिंग. या कामात माझा सर्वांत जास्त वेळ तेथे गेला आणि सर्वांत मोठी चूकही मी तेथेच केली. जुनी वायर दिसायला शाबूत होती म्हणून मी चुंबकाच्या नव्या वायरी तिलाच जोडल्या. मोकळ्या जागेत पहिली चाचणी घेतली तेव्हा ट्रेलर गाडीला मागून रेटतच राहिला. ट्रेलरच्या ब्रेकना किती वीज सोडायची ते ठरवणाऱ्या, गाडीतल्या कंट्रोलरचे बटण कमाल आकड्यावर नेले तरी चाकांनी दाद दिली नाही. माझा पहिला राग अर्थातच नव्या संचावर निघाला, आणि त्याच संध्याकाळी हे परीक्षण लिहिले असते तर ते फार वेगळे झाले असते. सुदैवाने दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर हाती घेतला. दोन्ही चुंबकांचा रोध मोजला, तो एकाचा ३.२ आणि दुसऱ्याचा ३.३ ओहम निघाला. दहा इंची ब्रेकच्या चुंबकाचा रोध साधारण ३.२ ओहमच असतो, म्हणजे संच निर्दोष होता. मग एका सहकाऱ्याला गाडीत बसवून कंट्रोलरचा हातदांडा पूर्ण दाबायला सांगितला आणि वेगवेगळ्या ठिकाणी व्होल्टेज मोजले. जोडणीच्या प्लगपाशी १२.४ व्होल्ट होते, चुंबकापाशी जेमतेम ९.

मधले जवळपास साडेतीन व्होल्ट कोठे गेले याचा माग काढताना जुन्या ट्रेलरची सारी कुंडली उलगडत गेली. एक तर परतीच्या मार्गासाठी, म्हणजे अर्थसाठी, स्वतंत्र वायरच नव्हती; चुंबकाचे एक टोक चौकटीला स्क्रूने जोडलेले होते आणि तेथून वीज गंजलेल्या रिव्हेटांमधून, चौकटीतून आणि ट्रेलर गाडीला अडकवायच्या लोखंडी गोळ्यामधून गाडीकडे परत जात होती. गोळ्याला ग्रीस लावले की ब्रेक आणखी मंद होत असणार, हे लक्षात आल्यावर हसावे की रडावे कळेना. दुसरे म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणारी वायर अ‍ॅक्सलच्या पोकळ नळीतून ओढलेली होती आणि नळीच्या तोंडाशी घासून तिचे आवरण निघाले होते. आत तिच्या तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या. आवरण फाटलेली अशी वायर प्रवासात हिसक्यांनी नळीला टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि मग ब्रेक कधी लागतात, कधी लागत नाहीत अशी विचित्र लक्षणे दिसतात.

मी सगळी वायर बदलली. प्लगपासून अ‍ॅक्सलपर्यंत ५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तेवढ्याच जाडीची स्वतंत्र अर्थची वायर, अ‍ॅक्सलच्या नळीतून न नेता तिच्या पाठीवर संरक्षक नळीत घालून बांधलेली. आणि सर्व सांधे दाबून बसवलेले, आतून गोंद असलेल्या आकसणाऱ्या नळीने बंद केलेले. संचाच्या वायरी जेमतेम वीतभर लांबीच्या आहेत आणि सांधा नेमका तेथे येतो जेथे चाकाने उडवलेले पाणी व खडी सर्वांत जास्त आदळते. निर्मात्याने त्या हातभर लांब दिल्या असत्या तर हा सांधा सुरक्षित जागी नेता आला असता. या दोन वायरींपैकी कोणती धन आणि कोणती ऋण याला काही अर्थ नाही, कोणतीही कशालाही जोडता येते. सोबतच्या पत्रकात मात्र याचा उल्लेख नसल्याने विनाकारण गोंधळ होतो. नव्या वायरिंगनंतर चुंबकापाशी ११.७ व्होल्ट मिळाले. दोन्ही चुंबकांचा मिळून प्रवाह आधी ५.६ अँपिअर होता तो ७.३ झाला. त्याच संचाने, त्याच कंट्रोलरवर, त्याच मोकळ्या जागेत चाके जागच्या जागी अडवून दाखवली. तेव्हा कंट्रोलरचे बटण मला उलट कमी करावे लागले.

ज्यांच्या ट्रेलरला दोन अ‍ॅक्सल आहेत त्यांच्याकडे चार चुंबक असतात आणि प्रवाह दुप्पट होतो, म्हणून बारीक किंवा कुजलेल्या वायरीतला व्होल्टेजचा तोटाही त्याच प्रमाणात वाढतो. त्यांनी तर संच मागवण्याआधी वायर तपासावी.

ट्रेलर गाडीपासून अचानक सुटला तर त्याला थांबवणारा ब्रेकअवे स्विच हाही या कामाचाच भाग समजावा. गाडीला बांधलेली दोरी स्विचमधली खुंटी उपसते आणि ट्रेलरची स्वतःची बॅटरी थेट चुंबकांना जोडली जाते. माझ्या ट्रेलरवर कुणीतरी नंतर बसवलेला असा स्विच होता, पण त्याची वायर ज्या बॅटरीला जायची ती बॅटरीच जागेवर नव्हती. नवा स्विच बसवून मी तो बॅटरीला थेट जोडला. चाचणी घेताना गाडीकडचा प्लग काढून ठेवावा, नाहीतर उलट आलेल्या विजेने कंट्रोलर बिघडू शकतो. चाके उचललेली असताना खुंटी उपसावी, दोन्ही चाके हाताने फिरत नाहीत याची खात्री करावी आणि लगेच ती परत घालावी. उभ्या ट्रेलरला हातब्रेक म्हणून हा स्विच वापरणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने बॅटरी उतरते, चुंबक तापतात, आणि बॅटरी संपली की ट्रेलर मोकळा सुटतो.

कंट्रोलरबद्दल थोडक्यात. जुन्या काळी काही कंट्रोलर गाडीच्या ब्रेक ऑइलच्या नळीला जोडलेले असत आणि त्या दाबावर चालत. आजच्या गाडीच्या ब्रेक यंत्रणेत अशी फांदी काढणे योग्य नाही. गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतो आहे हे ओळखून त्या प्रमाणात वीज सोडणारा कंट्रोलर या संचाबरोबर फार छान जुळतो. ठरावीक वेळात वीज चढवत नेणारा साधा कंट्रोलरही चालतो, पण गर्दीत हळूहळू सरकताना तो ट्रेलरला उगाच हिसके देतो. सुमारे ४० किलोमीटर वेगात हातदांडा दाबून पाहावा आणि चाके अडकण्याच्या किंचित अलीकडे बटण स्थिर करावे.

पहिल्या दिवशीचे ब्रेक पाहून संचाची पारख करू नये. नवे लायनर आणि नवे चुंबक ड्रमशी एकजीव व्हायला वेळ लागतो. त्यासाठी ताशी ६५ किलोमीटरवरून ३० च्या आसपास वेग उतरवणारे वीस ते तीस ब्रेक, मध्ये ड्रमला थंड व्हायला अवधी देत, लावायचे असतात. माझ्या बाबतीत पहिल्या आठ-दहा वेळा ट्रेलर किंचित उजवीकडे ओढत होता, नंतर तो सरळ थांबू लागला. थोडा जळका वासही आला. तो पुढे आला नाही.

सुरुवातीची जुळवणी खालच्या खाचेतून स्क्रूड्रायव्हरने स्टार व्हील, म्हणजे तळाच्या जुळवणीचे चांदणीसारखे चाक, फिरवून करायची असते. चाक हाताने फिरवणे जड होईपर्यंत शू फाकवायचे आणि मग लायनर नुसता हलका घासेल इतपत मागे आणायचे. ब्रेकच्या आवाजाची ही भाषा कानाला एकदा कळली की काम सोपे होते. ३२० किलोमीटरनंतर पुन्हा आणि त्यापुढे दर ४,८०० किलोमीटरना ही जुळवणी करावी असे सांगितलेले असते. याच संचाचा आपोआप जुळणारा प्रकारही मिळतो, त्यात पुढे जाताना ब्रेक लागला की एक छोटी केबल स्टार व्हील सरकवते. वर्षाला हजारो किलोमीटर फिरणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. माझा ट्रेलर वर्षात चार-पाच वेळाच रस्त्यावर येतो, आणि त्या निमित्ताने तरी मी त्याच्या खाली शिरतो, म्हणून मी हाताने जुळवायचाच निवडला. डिस्क ब्रेकचाही पर्याय आहे. त्यांची पकड अधिक चांगली असते, पण त्यांना विजेवर चालणारा हायड्रॉलिक पंप, ऑइलच्या नळ्या आणि बराच अधिक खर्च लागतो, आणि एका अ‍ॅक्सलच्या हलक्या ट्रेलरला त्याची गरज मला वाटली नाही.

ज्यांच्या फ्लँजवर चार भोकांचा प्रमाण नमुना नाही, त्यांनी मात्र हा संच घेण्याची घाई करू नये. फ्लँजला नवी भोके पाडून किंवा वेल्डिंग करून प्लेट बसवणारे आहेत. प्लेटचे केंद्र स्पिंडलच्या केंद्राशी जराही चुकले तर शू एका बाजूने घासतात आणि मग संच कितीही चांगला असला तरी उपयोग नसतो. अशा वेळी अख्खा अ‍ॅक्सल बदलणे सोयीचे पडते, आणि नव्या अ‍ॅक्सलवर हेच ब्रेक बसवूनच येतात. युरोपीय बनावटीच्या जुन्या ट्रेलरवर बहुधा ट्रेलरच्याच रेट्याने चालणारे यांत्रिक ब्रेक असतात, त्यांच्यासाठी हा संच नाही.

चाकांचे नट मी ठरलेल्या क्रमाने तीन टप्प्यांत आवळले आणि १६, ४० व ८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. दुसऱ्या तपासणीत दोन नट थोडे फिरले, नंतर एकही नाही. ३२० किलोमीटरनंतरच्या जुळवणीत डाव्या स्टार व्हीलला सहा आणि उजव्याला नऊ दाते फिरवावे लागले. मागच्या आठवड्यात दोन्ही ड्रम काढून पाहिले. चुंबकांची तोंडे सर्व बाजूंनी सारखी घासलेली आहेत, आर्मेचरवर चर नाहीत, सील कोरडे आहेत. डाव्या प्लेटच्या कडेला, जेथे मी रंग खरडला होता त्याच्या शेजारी, गंजाची एक बोटभर रेघ उठली आहे. ती घासून पुन्हा रंगवली आणि ड्रम चढवला.